खाडीतले वल्हे

आमच्या शाळेच्या मागे खाडी आहे. पलीकडच्या मोहल्ल्यातल्या चार-पाच मुली होडीने येतात आणि होडी बहुतेक वेळा नववीतली एक मुलगी वल्हवते. आम्ही बी.एड. झालेले, खेळाच्या तासाच्या नोंदी नियमाने भरणारे. पण तिच्या हातातले वल्हे आम्हाला कधी खेळ वाटले नाही. ते तिच्या घरचे काम.

2024 साली पॅरिस ऑलिम्पिकच्या बातम्यांत श्रीनगरच्या बिल्कीस मीर यांचे नाव वाचले. दल सरोवरात सराव केलेली ही बाई भारतीय संघाची प्रशिक्षक झाली आणि पॅरिसला ज्युरीत बसली. तेव्हा कुठे आम्हाला कळले, की या खेळाची इंडियन कयाकिंग अँड कनूइंग असोसिएशन नावाची राष्ट्रीय संघटना आहे आणि राज्यांच्या संघटना तिला जोडलेल्या आहेत. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचे वल्हे दोन्ही बाजूंना मारतात. कनूमध्ये एक गुडघा टेकून एका पात्याचे, एकाच बाजूला. बायकांच्या कनू शर्यती ऑलिम्पिकमध्ये यायला 2021 साल उजाडले. म्हणजे उशीर काही आमच्याच मोहल्ल्यात होतो असे नाही.

2023 साली हांगझाऊच्या एशियाडमध्ये अर्जुन सिंग आणि सुनील सिंग यांनी 1000 मीटरला कांस्यपदक मिळवले. सुनील मणिपूरच्या लोकताक सरोवराकाठचा, मासेमारी करणाऱ्या घरातला. हे सारे वर्गात सांगितले. मुलीने बिल्कीसबद्दल एवढेच विचारले, "सर, उनके अब्बा ने जाने दिया?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. एका कार्यालयात चौकशी केली, तर तिथल्या साहेबांनी कबड्डीची यादी मागितली. मग तिच्या अब्बांकडे गेलो. चहा झाला. ते म्हणाले, "मास्तर, पाण्याची भीती आम्हाला घालू नका, पाणी तिला आम्हीच शिकवलं. पण दहावीनंतर बघायला येणार आहेत." थोडा वेळ गप्प बसले आणि मग विचारले, "ती बोट केवढ्याला मिळते?"

तेही आम्हाला ठाऊक नव्हते. रात्री राज्याच्या संघटनेला पत्र लिहायला बसलो. वय लिहिले, इयत्ता लिहिली, पोहता येते असे लिहिले. सराव किती, इथे अडलो. दुसऱ्या दिवशी होडी काठाला लागताच तिला विचारले.

दोर खुंटाला बांधत ती म्हणाली, "आना-जाना मिलाके लिखूँ, सर?"