पहिली नोंद

कोल्हापूरच्या गुजरीतील एका सराफी पेढीवर साखरपुड्याची अंगठी पाहता पाहता मुलीने विचारले, "हा हिरा कोणत्या खाणीतला?" अप्पांनी प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र पुढे केले. त्यावर वजन, रंग, शुद्धता सारे होते, खाण नव्हती. "ठाऊक नाही," अप्पांनी प्रांजळपणे सांगितले. मुलगी अंगठी न घेताच गेली.

"किंबर्लीचा दाखला असतो ना?" अप्पांनी मुलाला विचारले.

"असतो, पण तो २००३ पासून कच्च्या मालाच्या सीलबंद पेटीला मिळतो, एकेका हिऱ्याला नव्हे. बंडखोरांच्या युद्धाला पैसा पुरवणारे हिरे रोखणे, एवढाच त्याचा हेतू. मजुरांच्या हालअपेष्टा त्यात येत नाहीत. शिवाय पुढे निरनिराळ्या खाणींचा माल एकत्र होतो."

मग मुलाने ब्लॉकचेन समजावली. ही एकच खतावणी अनेकांकडे एकाच वेळी असते. प्रत्येक नोंद मागच्या नोंदीशी गणिताने जखडलेली. एक आकडा खोडला तरी इतरांच्या प्रतींशी मेळ बसत नाही. डी बीअर्स कंपनीने २०२२ पासून 'ट्रेसर' ही अशी व्यवस्था मोठ्या प्रमाणावर सुरू केली. कच्च्या खड्याचे स्कॅन जपून ठेवले, की पैलू पाडलेला हिरा त्यातूनच निघाला का, हे ताडता येते. कांगोतील कोबाल्टसाठीही असे प्रयोग झाले आहेत. तेथे काही खाणींत लहान मुलेही राबतात.

अप्पांनी शांतपणे ऐकले. "खाणीच्या तोंडाशी पहिली नोंद करणाराच खोटे लिहील तर?"

"तर ते खोटेच कायम राहील," मुलगा म्हणाला. "म्हणून तेथे जाऊन तपासणारा माणूस लागतोच."

अप्पा क्षणभर थांबले. चोरीचा माल घेणे हा अचौर्य अणुव्रताचा अतिचार, हे तत्त्वार्थसूत्रातील वचन त्यांना पाठ होते. घेणाऱ्याने विचारलेच नाही, तर दोष टळतो का?

मुंबईहून पसंतीसाठी आलेली स्वस्त हिऱ्यांची पुडी तिजोरीत होती. उगमाबद्दल दलालाने एवढेच सांगितले होते, "माल चोख आहे." त्या संध्याकाळी पुडी परत गेली. सोबत अप्पांच्या हातची चिठ्ठी होती: यापुढे बिलावर उगम लिहावा, आणि तो कोणी तपासला तेही लिहावे.

त्या दिवशी रोजकीर्दीत विक्रीची एक नोंद कमी पडली. अप्पांनी ती जागा कोरीच ठेवली.