शेवटचीं चार अक्षरें

पुण्याहून मुंबईकडे निघालेली गाडी घाटमाथ्यावर आली म्हणजे लोणावळा व खंडाळा हीं दोन स्थानकें एकापाठोपाठ लागतात. हीं दोन्हीं नांवें रोमन लिपींत लिहून पाहावीं. दोन्हीं आठ आठ अक्षरांचीं, आणि दोहोंचा शेवट 'ए-एल्-ए' असा एकच. परंतु त्याच तीन अक्षरांनीं खंडाळ्याच्या शेवटीं 'आळा' म्हणावयाचें व लोणावळ्याच्या शेवटीं 'अळा'. ऱ्हस्वदीर्घाचा भेद गेला, आणि ळकार बिचारा घाट उतरण्यापूर्वींच हरवला! आमच्या वलवणची कथा याहून न्यारी. कोणी त्याचा आरंभ 'व्ही'नें करितो, कोणी 'डब्ल्यू'नें. आणि खोपोलीच्या वीजगृहासाठीं टाटांच्या कंपनीनें येथें जें धरण बांधलें, त्याच्या इंग्रजी नांवांत दोन डब्ल्यू असून दुसऱ्याच्या पाठीशीं एक 'एच्' जास्तीचा बसला आहे. त्याला काम कांहीं नाहीं. पगार मात्र चालू आहे.

असल्या बिनकामाच्या अक्षरांचें माहेर म्हणजे इंग्रजी भाषा. पांच अक्षरांचे पांच शब्द घ्यावे. पांचांचींहि शेवटचीं चार अक्षरें तींच: ओ, यू, जी, एच्. आरंभीं 'सी' घातला तर कॉफ, म्हणजे खोकला. 'आर्' घातला तर रफ, म्हणजे खडबडीत. 'टी' घातला तर टफ, म्हणजे चिवट. येथवर नियम हातीं लागला असें वाटतें, तोंच 'डी' घालावा तर डो, म्हणजे मळलेली कणीक. आणि 'बी' घालावा तर बाउ, म्हणजे झाडाची फांदी.

आमच्या शेजारचा एक मुलगा मराठी शाळेंतून इंग्रजी शाळेंत गेला. वर्गांत वाचतां वाचतां त्यानें ह्या फांदीला 'बफ' म्हटलें. वर्ग हंसला, आणि शिकविणाऱ्यांनाहि हंसूं आवरलें नाहीं. त्या दिवसापासून मुलानें मोठ्यानें वाचणें सोडलें. पुढें पुढें मराठी धडादेखील तो ओठ मिटून वाचूं लागला, तेव्हां त्याची आई त्याला घेऊन आमच्याकडे आली. "आजोबा, ह्याचा आवाज कुठें गेला तें तुम्हीच बघा," एवढेंच ती म्हणाली.

आमच्या मतें मुलाचा तर्क निर्दोष होता. देवनागरीच्या संवयीच्या कानाला, सारखीं अक्षरें म्हणजे सारखा उच्चार, हें बाळकडूबरोबरच मिळालेलें असतें. आमच्या पंडित कवींची सारी हौस ह्याच विश्वासावर उभी. वामनपंडितांना तर लोकांनीं 'यमक्या वामन' असेंच नांव ठेविलें. आणि बारामतीच्या मोरोपंतांनीं (१७२९-१७९४) चरणाच्या शेवटीं तींच अक्षरें त्याच ध्वनीसह परत आणून अर्थ तेवढा निराळा काढण्यांत हयात घालविली. इंग्रजींत अर्थ निराळा आणि ध्वनिहि निराळा. सारखें काय तें डोळ्यांना दिसणारें. जॉन वॉकर ह्या कोशकारानें १७७५ सालीं शब्दांच्या शेवटच्या अक्षरांच्या क्रमानें लाविलेला एक इंग्रजी कोश काढला. त्या क्रमांत खोकला आणि फांदी एकाच आळींत राहतात, पण एकमेकांशीं बोलत नाहींत. (आमची मराठीहि अगदींच सोंवळी नव्हे. 'चार' ह्या संख्येंतला च आणि गुरांच्या 'चाऱ्यां'तला च एक नव्हेत. पण तें असो.)

नियम सांगून गेलेला आवाज परत येत नसतो. म्हणून आम्हीं खेळ काढला. जोश वॉर्डल ह्या गृहस्थानें २०२१ सालीं लोकांपुढें ठेविलेला आणि पुढल्याच वर्षीं 'न्यूयॉर्क टाइम्स'नें विकत घेतलेला 'वर्डल' आतां घरोघरीं ठाऊक आहे. पांच अक्षरांचा गुप्त शब्द, आणि तो ओळखण्यास सहा प्रयत्न. अक्षर योग्य जागीं पडलें तर हिरवें, शब्दांत असून भलत्या जागीं पडलें तर पिवळें. आम्ही तो कागदावर, रंगीत पेन्सिलींनीं खेळतों. शब्द आमचा, प्रयत्न मुलाचे. एके दिवशीं दुसऱ्याच ओळींत त्यानें 'लाइट' लिहिलें आणि शेवटचीं चारहि अक्षरें हिरवीं झालीं: आय, जी, एच्, टी. स्वारी खूष! परंतु मौज पुढेंच आहे. फाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट आणि एट असे सात शब्द शिल्लक, आणि प्रयत्न उरलेले चार. जितकें अधिक कळलें तितका पेंच अधिक घट्ट. मुलानें बराच वेळ पेन्सिल चावली, आणि मग 'फिल्म्स' हा शब्द लिहिला! हा उत्तर नव्हे हें त्याला पक्कें ठाऊक होतें. पण त्यांतून एफ्, एम्, एस् हे तिघे एकदम तपासले गेले. तिघेहि कोरे निघाले. चौथ्या ओळींत राइट, तेंहि नव्हे, आणि पांचव्या ओळीला तो ओरडला, "नाइट!" कित्येक दिवसांनीं तो आवाज आमच्या ओटीवर उमटला.

लगेच त्यानें विचारलें, "पण आजोबा, मधले जी-एच् कशाला?"

एके काळीं हे जी-एच् बोलत असत. इंग्रज त्यांचा घशांतून खरखरीत खकार काढीत. जर्मन लोक रात्रीला अजून 'नाख्ट' आणि आठाला 'आख्ट' म्हणतात. कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टरला छापखाना घातल्यानंतर लेखन हळूहळू गोठत गेलें, आणि उच्चार मात्र पुढें चालत राहिले. तो खकार कोठें फकार झाला, कोठें साफ विरला. कागदावर त्याची जागा तेवढी राहिली. आणि ही रात्र आमची परकी नव्हे: संस्कृतांतील 'नक्त' तिचा सख्खा भाऊबंद, जसा 'अष्ट' हा 'एट'चा.

"म्हणजे आजी सोमवारीं नक्त करते, तेंच हें?" मुलानें विचारलें.

तेंच.

आतां त्याच्या वहींत त्या आठ शब्दांची यादी आहे. नाइटपुढें नक्त, एटपुढें आठ, राइटपुढें ऋजु, एवढें लिहून झालें आहे. बाकीच्यांपुढें रेघा ओढून जागा सोडली आहे. संध्याकाळीं ती यादी तो मोठ्यानें वाचतो, आणि जी-एच् मुळींच गाळीत नाहीं. घसा खरवडून 'निख्ट', 'एख्ट' असा प्रत्येक खकार वसूल करितो. त्याची आई स्वयंपाकघरांतून विचारते, "खोकला झाला का रे?"