हिरव्या शाईतला लाल

हिरव्या शाईत लिहिलेला असतो ‘लाल’. विचारलेलं असतं एवढंच की शाईचा रंग कोणता. समोर हिरवा आहे, धडधडीत, पावसाने धुतलेला हिरवा. तरी ओठांशी ‘लाल’च येऊन उभा राहतो, त्याला मागे सारावं लागतं, आणि त्या निमिषात अरुंद दारात दोघं एकदम शिरू पाहावेत तशी आत काहीतरी खेचाखेच होते.

ते अडखळणं मला फार प्रिय आहे.

टेनेसीतल्या नॅशव्हिलमध्ये जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये हे अडखळणं मोजलं. रंगीत चौकोनांचे शंभर रंग सांगायला माणसांना सरासरी ६३ सेकंद लागले. तेच रंग भलत्या रंगनामांवर चढवले, तर ११०. मधल्या त्या सेकंदांत मला पाटीवरची पेन्सिल ऐकू येते. कधीकाळी गिरवून गिरवून बोटांत मुरवलेलं अक्षर पुढे इतकं आपलं होतं, की एसटीची पाटी, दुकानाचं नाव, भेळ संपल्यावर हातात उरलेला तेलकट कागद, काहीही नजरेला पडलं की मन आपण होऊन वाचत सुटतं, आणि थांब म्हटलं तरी थांबत नाही.

रंग तरी कुठे एकटा असतो! पॅरिसच्या गोबलँ विणकामशाळेत काळा धागा निस्तेज दिसतो, अशी तक्रार रसायनशास्त्रज्ञ मिशेल शव्हरल यांच्याकडे आली होती. रंगात खोट नव्हती. शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांनी त्या काळ्याचं तेज उतरवलं होतं.

एडवर्ड अ‍ॅडेल्सन यांचं १९९५ मधलं चित्र मी पुन्हा पुन्हा काढून बसते. बुद्धिबळासारखा पट, त्यावर हिरव्या नळकांड्याची सावली. उजेडातला काळा चौकोन आणि सावलीतला पांढरा चौकोन अगदी एकाच करड्या छटेचे आहेत. आजूबाजूचं सगळं बोटांनी झाकलं की पटतं. बोटं उचलली की पांढरा पुन्हा पांढरा. कळूनही डोळा ऐकत नाही, कारण सावली पडली आहे हे ओळखून ती मनातल्या मनात वजा करण्याची सवय त्याला फार जुनी आहे. त्या सवयीमुळेच तर दिवेलागणीला अंगणातली जाई पांढरी राहते, आणि उन्हातून ओसरीच्या सावलीत आलेलं आपलं माणूस तेच राहतं. याला फसवणूक म्हणायला माझी जीभ वळत नाही. डोळा वस्तूशी इमान राखतो, प्रकाशाशी नाही.

अक्षरओळख न झालेलं, पण रंगांची नावं येणारं मूल घरात असेल, तर शब्दांचा तो रंगीत कागद त्याच्यापुढे ठेवून बघा. ‘लाल’वर बोट ठेवून ते सरळ ‘हिरवा’ म्हणेल. त्याला लगेच वाचायला शिकवू नका. थोडे दिवस त्याच्या शेजारी बसा, आणि त्याला दिसणारे रंग त्याच्या तोंडून ऐका.