ताडपत्रीवरचा नट

किंक्रांतीच्या दिवशी नवे काही करू नये, असे आईने आदल्या रात्रीच बजावले होते. पण ऐकतो कोण? मामा-मामी विट्याहून मुद्दाम आले होते. संक्रांतीला काला अंबच्या स्मारकापुढे डोके टेकवायचे आणि दुसऱ्या दिवशी भाच्याला आकाशात उडताना पाहायचे, असा त्यांचा बेत होता.

खानापूर-विटा भागातली कितीतरी कुटुंबे सोन्याचांदीच्या गलाईच्या धंद्यासाठी देशभर पांगली आहेत. पानिपतातले हे घर त्यांतलेच. अण्णांची उभी हयात मुशीसमोर गेली. मुलगा मात्र कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंग शिकला आणि पुढे त्याने पॅरामोटर घेतली. पाठीवर बांधायचे छोटे इंजिन, इंजिनामागे पंखा आणि डोक्यावर कापडी पंख. चार पावले पळाले की पाय जमिनीवरून सुटतात.

“अगं आई, २०१६ साली आपल्या हवाई दलाची माणसं ‘प्रदक्षिणा’ मोहिमेत पॅरामोटरवरून दहा हजार किलोमीटर फिरून आली. मी तर दहा मिनिटंच उडणार,” तो म्हणाला.

“त्यांच्यामागे यंत्र तपासणारी माणसं असतील. तुझ्यामागे कोण आहे?” आईने विचारले.

प्रश्न बिनतोड होता. पॅरामोटरचे इंजिन एकाच सिलिंडरचे, पण मिनिटाला आठ-नऊ हजार फेरे घेणारे. अंगात हिव भरल्यासारखे ते सारखे थरथरत असते. घरातल्या शिलाई मशीनचे स्क्रू वर्षा-दोन वर्षांनी ढिले होतात ना, तेच इथे काही तासांत होते. थरथरीने जोडलेले दोन भाग एकमेकांवर आडवे सरकू लागले, की घट्ट बसवलेला नटही हळूहळू उलटा फिरू लागतो. युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअराने १९६९ साली हे प्रयोगाने दाखवून दिले. मोटारगाडीचा एखादा नट गळाला तर तो रस्त्यावर पडतो. पॅरामोटरला मात्र पंखा मागे असतो. सुटलेली वस्तू सरळ त्यात ओढली जाते आणि पंख्याचे तुकडे उडतात. ते कुठे लागतील, याचा नेम नाही.

म्हणून त्याने प्रत्येक नट-बोल्टवर रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवली होती. नट जरासा फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. पंख्याचे बोल्ट तो मोजून ताण देणाऱ्या टॉर्क पान्यानेच आवळायचा. पंखा लाकडाचा, दमट हवेत फुगणारा आणि कोरड्या हवेत आकसणारा. त्याच्यावर ऋतूप्रमाणे लक्ष ठेवावे लागते. शिवाय जास्त आवळूनही चालत नाही. ॲल्युमिनियमचे आटे गेले, की बोल्ट असून नसल्यासारखा.

त्या दिवशी धुके उशिरा निवळले. शेतात पोहोचेपर्यंत दहा वाजून गेले होते. परवानगीची वेळ ठरलेली आणि वारा वाढण्याआधी उडायचे. मामा दर पाच मिनिटांनी घड्याळ पाहत होते. त्याने रेघांवरून भराभर नजर फिरवली, इंजिन तीन-चार मिनिटे चालवून तापवले आणि बंद केले.

“झालं? काल रात्री तपासलंयस म्हणतोस, मग ठेव की विश्वास!” मामा म्हणाले.

“विश्वास? तो तर इथंच पानिपतात गेला!” अण्णा बोलून गेले. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासराव पडले, तेव्हापासून मराठी माणसाच्या तोंडी असलेला हा शब्द. सगळे हसले.

तेवढ्यात आईने ताडपत्रीची घडी करायला घेतली. कोपऱ्यात काहीतरी चमकले. तिने ते उचलले आणि लगेच सोडून दिले. “अगंबाई, भाजतंय की!”

तो एक छोटा नट होता.

त्याचे हसू मावळले. धूर सोडणाऱ्या नळकांड्याखाली, सहज न दिसणाऱ्या जागी, एक बोल्ट नटाशिवाय नुसता अडकून होता. आठ दिवसांपूर्वी तिथला नट हरवला, तेव्हा त्याने डब्यातला नायलॉनची कडी असलेला नट लावला होता. अशी कडी नटाला घट्ट धरून ठेवते, पण इतक्या उष्णतेत ती मऊ पडते. तिथे पूर्ण धातूचाच नट हवा, हे त्याला माहीत होते. “नंतर बदलू” म्हणून ते राहून गेले होते. त्यावर रेघही ओढलेली नव्हती.

डब्यात धातूचा तसाच नट होता. पाच मिनिटांचे काम. मामांचा धाकटा नातू टाचा उंचावून उभा होता. त्याने नट हातात घेतलाही. मग पाना घेऊन गुडघ्यांवर बसला आणि एकेका बोल्टला हात लावून पाहू लागला. इंजिनाखालच्या रबरी बैठकीचा एक बोल्ट अर्धा फेरा फिरला. त्याची रेघ तुटलेली होती. धुळीने माखलेली ती रेघ रात्री बॅटरीच्या उजेडात त्याला अखंड वाटली होती.

“आज नाही,” तो उठून म्हणाला.

नातू रडला. मामी म्हणाल्या, किंक्रांतच ती, दुसरं काय व्हायचं! आई मात्र काही बोलली नाही. परतताना गाडीत अण्णांनी तो नट तळहातावर घेऊन तोलून पाहिला. “आमच्या दुकानात झाडलेली धूळसुद्धा कुणी फेकत नाही. धुऊन सोनं काढतात. तू आधी खाली बघायला शीक,” एवढेच ते म्हणाले.

मामांची परतीची गाडी दुसऱ्या दिवशी होती. भाच्याचे उड्डाण त्यांना दिसले नाही, ते नाहीच. पण ताडपत्री तेव्हापासून बाद झाली. इंजिन तापवायचे असेल तेव्हा आई त्याच्याखाली जुनी पांढरी चादर अंथरते आणि चार कोपऱ्यांना दगड ठेवते. इंजिन थांबले की चादर उचलण्याआधी ती चारही कोपरे न्याहाळते. तिची मान हलल्याशिवाय तो पट्टे बांधत नाही.