ऐकण्यापुरती अँटेना

१६० आणि ८० मीटर या हौशी रेडिओच्या खालच्या बँडवर खरी अडचण दूरचा सिग्नल क्षीण असण्याची नसते, खरखर जास्त असण्याची असते. लांबवर कडाडणाऱ्या विजा, एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, शेजारच्या गच्चीवरचा सौर इन्व्हर्टर यांची खरखर रिसीव्हरच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा कितीतरी वर असते. म्हणून ऐकण्यासाठी वेगळी अँटेना निवडताना ती सिग्नल किती जोरात देते हे गौण ठरते. खरखर कोणत्या दिशेने येते आणि अँटेना ती दिशा किती गाळते, हाच खरा प्रश्न.

जागा असेल तर हॅरल्ड बीव्हरेज यांच्या लांब तारेला तोड नाही. डिसेंबर १९२१ मध्ये स्कॉटलंडमधल्या आर्ड्रोसन इथे पॉल गॉडली यांनी अमेरिकेतल्या हौशी केंद्रांचे संकेत टिपले, ते याच तारेवर. पण १६० मीटरसाठी ती दीड-दोनशे मीटर सरळ ताणावी लागते. बंगल्याच्या आवारात ते जमत नाही.

सर्वांत लहान पर्याय म्हणजे हाताने फिरवता येणारा, मीटरभर व्यासाचा लूप. त्याच्या प्रतलाला काटकोनात असलेल्या दिशेने जमिनीलगत येणारी लहर जवळजवळ नाहीशी होते. लूप सावकाश फिरवला की एका ठरावीक कोनाच्या आसपास शेजारच्या इन्व्हर्टरची गुणगुण एकाएकी बुडते आणि थोडे पुढे सरकताच पुन्हा वर येते. मात्र खरखर चहूबाजूंनी येत असेल, तर हा लूप फारसे काही करू शकत नाही. लूप फक्त चुंबकीय क्षेत्र ऐकतो म्हणून शांत असतो, हा समजही अपुरा आहे: १.८ मेगाहर्ट्झला खरखरीच्या उगमापासून सुमारे २६ मीटरपलीकडे गेल्यावर चुंबकीय आणि विद्युत क्षेत्रांतल्या भेदाचा उपयोग उरत नाही.

एका बाजूनेच ऐकायचे असेल तर 'के-नाइन-एवाय' लूप किंवा 'फ्लॅग' घ्यावा. पहिल्यात साडेसात मीटरच्या खांबावरून सुमारे २६ मीटर तारेचे दोन लूप एकमेकांना काटकोनात उतरतात आणि रिलेने चार दिशा बदलता येतात. त्याला जमिनीत ठोकलेला रॉड लागतो, आणि टोकाच्या रेझिस्टरचे योग्य मूल्य माती ओली की कोरडी यावरही ठरते. जिथे हातभर खाली कातळ लागतो तिथे फ्लॅग बरा: जवळपास नऊ बाय सव्वाचार मीटरचा हा आयत जमिनीशी जोडावा लागत नाही. महाराष्ट्रातून युरोप वायव्येला पडतो. हिवाळ्यात फ्लॅगचे तोंड तिकडे ठेवले की आग्नेयेकडच्या विषुववृत्तीय वादळांची खरखर मागे पडते. अंगण असेल तर हीच निवड सर्वांत समाधानाची.

फ्लॅगचा सिग्नल फार क्षीण असल्याने प्रीअँप्लिफायर बहुधा लागतो. त्याची परीक्षा भर दुपारी, बँड शांत असताना घ्यावी. अँटेना काढून तिथे ५० ओहमचा रेझिस्टर लावल्यावर खरखर स्पष्टपणे कमी झाली, तर आणखी प्रवर्धनाची गरज नाही.

निवड बिघडते ती बहुतेक वेळा केबलमुळे. कोअॅक्सच्या बाहेरच्या जाळीवरून घरातली खरखर अँटेनापर्यंत पोचते आणि गाळलेली दिशा भरून निघते. ते टाळण्यासाठी अँटेना केबलला जोडणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या दोन्ही गुंडाळ्या फेराइट कड्यावर परस्परांपासून दूर, एकमेकींना न जोडता गुंडाळाव्यात आणि केबललाही फेराइटचा चोक लावावा. ही अँटेना प्रक्षेपणाच्या अँटेनापासून शक्य तितकी लांब उभारावी, आणि प्रक्षेपण चालू असताना रिलेने रिसीव्हरपासून तोडावी.