नवी भाषा, जुनी मशिनं

फ्री सॉफ्टवेअरवाल्यांची भांडणं मी आवडीने वाचतो. एडिटरवरून झाली, डेस्कटॉपवरून झाली, आणि गेली काही वर्षं 'रस्ट' या भाषेवरून चालू आहेत. सीमध्ये लिहिलेलं, वीस-तीस वर्षं नीट चाललेलं सॉफ्टवेअर रस्टमध्ये आणायचं की नाही, हा वाद. शहापूर-मुरबाडकडे याचं काय काम, असं कुणीही विचारेल. पण काम आहे.

आधी रस्टवाल्यांची बाजू. सीमध्ये मेमरी सांभाळायची जबाबदारी सगळी प्रोग्रामरच्या डोक्यावर. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये आणि गूगलच्या क्रोमवाल्यांनी २०२० मध्ये सांगितलं की त्यांच्याकडच्या गंभीर सुरक्षा-त्रुटींपैकी साधारण ७० टक्के मेमरीच्या घोळातून आल्या. रस्टचा कंपायलर असले बहुतेक घोळ प्रोग्राम चालायच्या आधीच पकडतो. हे काही थोडं नाही.

आता दुसरी बाजू. ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी डेबियनच्या 'ॲप्ट'वाल्यांनी जाहीर केलं की मे २०२६ पासून पुढे ॲप्टला रस्ट लागेल. ज्या आर्किटेक्चरवर रस्ट नाही, त्यांनी सहा महिन्यांत सोय करावी, नाहीतर दुकान आवरावं. लगेच आरडाओरडा: गरिबांच्या जुन्या कॉम्प्युटरचं काय?

इथे मला बोलावंसं वाटतं. मुरबाडकडच्या एका शाळेत मी शनिवारी अधूनमधून जातो. तिथे देणगीत आलेली पेन्टियम फोर मशिनं आहेत. रस्टच्या नेहमीच्या ३२-बिट बिल्डला एसएसई-२ लागतं, ते पेन्टियम फोरमध्ये आहे. म्हणजे ती मशिनं रस्टमुळे मरत नाहीत. त्यांची वाट अडवली ती डेबियन १३ ने. ऑगस्ट २०२५ मध्ये ३२-बिट पीसीसाठी कर्नल आणि इन्स्टॉलर देणंच बंद झालं. अडचणीत आहेत ती अल्फा, एसएच-४ असली मशिनं, आणि ती आमच्या तालुक्यात मी तरी पाहिलेली नाहीत :)

मग आमचा प्रश्न कुठला? तो वेगळाच आहे. २००७ मध्ये मुरबाडला लागून असलेल्या कर्जतकडे एका छोट्या शाळेत ओएलपीसीचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले होते. ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. एवढ्याशा मशिनवर 'शुगर' चक्क पायथनमध्ये लिहिलं होतं! हळू चालायचं. पण कीबोर्डवर प्रोग्रामचा सोर्स दाखवणारं बटण होतं. पोराने उघडून बघावं, बदलावं, हा हेतू. भाषा निवडताना त्यांनी वेगाच्या आधी वाचणाऱ्याचा विचार केला.

तोच प्रश्न रस्टला विचारायला हवा. शहापूरच्या एखाद्या पोरीला पॅच लिहायचा आहे. लॅपटॉप ४ जीबीचा, नेट मोबाइलचं, पावसात लाइट कधी जाईल सांगता येत नाही. सीचा कंपायलर डिस्कवरून लागतो. रस्टमध्ये एक छोटा प्रोग्राम बांधायला 'कार्गो' नेटवरून पन्नास गोष्टी मागवतो, आणि कंपाइल होताना मशीन धापा टाकतं. हा अडथळा खरा आहे, पण त्यावर इलाज आहे. डेबियनने रस्टच्या पुष्कळ लायब्रऱ्या स्वतःच्या पॅकेजांत बांधून ठेवल्यात. त्या पेन ड्राइव्हवर भरून नेता येतात.

आमच्याकडे भाताचं नवं बियाणं आलं, कर्जत-३ म्हणा की संकरित सह्याद्री, की शहाणा शेतकरी आधी एका खाचरात लावून बघतो. संकरित असेल तर दरवर्षी विकत आणावं लागणार, हेही हिशेबात धरतो. लिनक्स कर्नलने असंच केलं. डिसेंबर २०२२ मध्ये ६.१ पासून रस्टला एक कोपरा दिला, आणि 'प्रायोगिक' हा शिक्का काढायचं ठरलं ते डिसेंबर २०२५ मध्ये. ॲप्ट मात्र प्रत्येक डेबियन मशिनवर असतं. तिथे एकदम सगळ्या शेतात लावणी होते.

माझं मत रस्टच्या बाजूने आहे. फक्त 'जुनी मशिनं' म्हणून भांडणाऱ्यांनी आणि 'जग पुढे गेलं' म्हणणाऱ्यांनी दोघांनीही एकदा नेटशिवाय, ४ जीबीवर, आपलाच प्रोजेक्ट बांधून बघावा. जिथे अडेल तिथे काम आहे. मी या पावसाळ्यात पेन ड्राइव्ह भरायला घेतोय.