सूर्यास्ताआधीचे ताट : यवतमाळ जिल्ह्यातील खाद्ययात्रा

यवतमाळ जिल्ह्याची ओळख करून देताना बहुधा कापसाचेच नाव प्रथम घेतले जाते. एके काळी हा मुलूख वणीच्या नावाने ओळखला जाई. १९०५ मध्ये जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळाले. कापूस, सरकी, तूर, कापड आणि किराणा यांच्या व्यापाराच्या ओढीने गुजरात-राजस्थानातील अनेक जैन कुटुंबे वऱ्हाडात आली आणि येथलीच झाली. व्यापार म्हटला की फिरती आली. फिरतीवर निघालेल्या जैन माणसापुढे भाव आणि उधारी यांच्याइतकाच आणखी एक प्रश्न रोज उभा राहतो : आज जेवायचे कोठे, आणि काय?

हा प्रश्न केवळ पोटाचा नाही. ज्याला खाण्याची मनापासून आवड आहे, पण नियमही सोडायचा नाही, अशा खवय्या प्रवाशाची खरी परीक्षा घराबाहेरच्या ताटावर होते. जिभेला मुरड घालून तो कोरड्या फराळावर दिवस काढतो, की नियमाला मुरड घालून समोर येईल ते खातो? यवतमाळ, दारव्हा, पुसद, पांढरकवडा, वणी या गावांतून डोळसपणे फिरणाऱ्याला याहून वेगळा, तिसरा मार्गही सापडतो.

शिदोरीचा काळ

जुन्या पिढीचे उत्तर सोपे होते : घरची शिदोरी. मूर्तिजापूर ते यवतमाळ हा सुमारे ११३ किलोमीटरचा, अडीच फूट रुंदीचा लोहमार्ग इंग्रजांच्या काळात मुख्यतः कापसाच्या वाहतुकीसाठी घातला गेला. त्यावरून रमतगमत जाणाऱ्या गाडीला लोक प्रेमाने ‘शकुंतला’ म्हणत. १९९४ पर्यंत तिला वाफेचे इंजिन ओढीत असे. गेली काही वर्षे मात्र ती धावत नाही. अशा संथ प्रवासात खाखरा, सुखडी, मेथीविरहित कोरडे थेपले आणि उकळून गार केलेले पाणी हाच आधार असे. त्या शिदोरीलाही कालमर्यादेचा हिशेब होता. मिठाईला हिवाळ्यात तीस, उन्हाळ्यात वीस आणि पावसाळ्यात पंधरा दिवस. उकळलेल्या पाण्याला उन्हाळ्यात पाच, हिवाळ्यात चार आणि पावसाळ्यात तीन प्रहर. घरातील आजीला हा हिशेब खातेवहीपेक्षाही पक्का ठाऊक असे.

याच मार्गावर, आज वाशीम जिल्ह्यात असलेले कारंजा लाड हे स्थानक होते. तेथील प्राचीन दिगंबर मंदिरे, हस्तलिखितांचे भांडार आणि १९१८ मध्ये स्थापन झालेला महावीर ब्रह्मचर्याश्रम यांमुळे हे गाव सर्व जैनांना परिचित आहे. खवय्या प्रवाशाच्या दृष्टीने कारंजाचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. येथे पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलणारी जैन घरे आहेत. ज्वारीची भाकरी, तुरीचे वरण, हिंग-जिऱ्याची फोडणी, बेसनाचे नाना प्रकार अशी वऱ्हाडची चव आणि जैनांचा आहारनियम एकाच चुलीवर सुखाने नांदू शकतात, याचा दाखला अशा घरांच्या स्वयंपाकात मिळतो. बाहेरून आलेल्या व्यापारी कुटुंबांना आपल्या गावचा खाखरा आठवत राहिला हे स्वाभाविकच. पण ज्या भूमीने रोजी दिली, तिचे अन्न तपासून पाहण्यास कोणताही नियम आड येत नव्हता.

मेनूकार्डावरचा ‘जैन’

आजचा तरुण व्यापारी शिदोरी क्वचितच नेतो. मुंबई, पुणे, अहमदाबाद, सुरत येथे उपाहारगृहांच्या मेनूकार्डावर ‘जैन’ हा शब्द सर्रास छापलेला असतो. बटाट्याऐवजी कच्चे केळे घातलेली जैन पावभाजी आता मुंबईत कोणालाही नवी वाटत नाही. तीच सवय घेऊन तो यवतमाळच्या बसस्थानकाच्या किंवा दत्त चौकाच्या परिसरात उतरतो, तेव्हा सकाळी त्याच्यापुढे येतात ते तर्रीचे पोहे आणि आलूबोंडा. पोह्यांत कांदा आधीच मिसळलेला, तर्रीत लसूण, बोंड्यात बटाटा. नाश्त्याचा पहिला डाव येथेच फसतो.

दुपारी तो मोठ्या उपाहारगृहात जातो. “भाऊ, कांदा-लसूण चालते का?” हा प्रश्न आता वऱ्हाडातील वाढपीही आपणहून विचारतात. यात आपुलकी आहे आणि तिचे मोल कमी लेखू नये. परंतु ‘जैन’ म्हणून मागवलेल्या पनीरच्या तीन निरनिराळ्या भाज्या पुष्कळदा एकाच टोमॅटो-काजूच्या गोडसर रश्शात पोहून आलेल्या असतात. नावे तीन, चव एक. शिवाय कांदा-लसूण वगळले म्हणजे सारे झाले, असा समज तेथे असतो. त्याच तेलात बटाटावडे तळले गेले काय, आल्याचा कीस पडला काय, याची दखल तो छापील शब्द घेत नाही. दोष स्वयंपाक्याचा नाही. त्याला ‘काय नको’ याची यादी मिळते. ‘काय हवे’ हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

मातीतले ताट

तिसरा मार्ग येथे सुरू होतो. छापील कार्ड मिटून “तुमच्या घरी या दिवसांत काय करतात?” असे विचारले, की चित्र पालटते. हिवाळ्यात तुरीच्या हिरव्या शेंगा बाजारात येतात. त्यांच्या कोवळ्या दाण्यांना विदर्भात ‘सोले’ म्हणतात. एरवी सोलेभातात वांगे आणि लसूण पडतो. पण नुसत्या सोल्यांवर जिरे, हिंग, तिखट आणि तूप एवढ्यानेही तो भात असा खुलतो, की वगळलेल्या जिनसांची आठवणही होत नाही. पाटवडीचेही तसेच. रस्सा कांदा-लसणाचा असतो. वडी मात्र बेसनाची, वर तीळ आणि भरपूर सांबार. बाहेरगावच्या पाहुण्याला ‘सांबार’ ऐकून दाक्षिणात्य डाळ आठवते. वऱ्हाडात सांबार म्हणजे कोथिंबीर. ताजी वडी नुसती तेलाबरोबर खावी, किंवा ज्वारीची गरम भाकरी आणि लसणाविना कुटलेली जवसाची चटणी सोबत घ्यावी. रोडग्यांबरोबर येथे वांग्याची भाजी हवीच असते. ज्याला वांगे वर्ज्य आहे त्याने वरण आणि तूप मागावे. रोडग्यांची खरी गोडी तुपातच आहे.

चोखंदळपणा मात्र येथेही सोडता येत नाही. गोळाभात हा विदर्भातील लाडका प्रकार मुळात कांदा-लसणावाचून होतो. म्हणून निश्चिंत होऊन त्यावर गार ताक घेतले, तर हरभऱ्याच्या डाळीचे गोळे आणि कच्चे ताक मिळून द्विदलाचा दोष घडतो. कढी मागवतानाही ताक आधी नीट तापवून मग त्यात बेसन घातले का, हे विचारावे लागते. चातुर्मासात आंबाडीसारख्या पालेभाज्या बाजूला राहतात, आर्द्रा नक्षत्र लागले की आमरस थांबतो. म्हणजे या ताटालाही ऋतुमान आहे; आणि शेतकऱ्याच्या पंचांगाशी ते पुष्कळसे जुळते.

अशी विचारपूस झाली की स्वयंपाकीही मोकळा होतो. “शेठजी, तुमच्यासाठी वेगळी कढई चढवतो,” हे वाक्य मेनूकार्डावर कधीच छापलेले नसते. ते ओळखीतून येते. पुसद किंवा दिग्रसच्या बाजारात महिन्यातून दोनदा जाणाऱ्या व्यापाऱ्याला अशी एक खानावळ जोडणे, विश्वासू अडत्या जोडण्याइतकेच उपयोगाचे ठरते.

वीस मिनिटांचा फरक

सर्वांत कठीण प्रश्न मात्र पदार्थांचा नसून वेळेचा आहे. चौविहार पाळणाऱ्याला सूर्य थांबून राहत नाही. यवतमाळ मुंबईच्या पूर्वेस बरेच आत असल्याने येथे सूर्य मुंबईपेक्षा सुमारे वीस मिनिटे आधी मावळतो. डिसेंबरच्या आरंभी मुंबईत सहाच्या सुमारास होणारा सूर्यास्त येथे साडेपाचनंतर थोड्याच वेळात होतो. मुंबईच्या सवयीने घड्याळ पाहणाऱ्याचे जेवण नेमके त्या वीस मिनिटांत हुकते. त्यातच कापसाच्या हंगामात सौदे दुपारपर्यंत लांबतात, आणि नागपूर-हैदराबाद महामार्गावर पांढरकवड्याजवळच्या ढाब्यांवर संध्याकाळी पाचला तवा थंड असतो. त्यांची रात्र आठला सुरू होते.

अनुभवी प्रवासी म्हणून दुपारीच दूरध्वनी करतो : “पाचला चार भाकरी आणि वरण तयार ठेवा.” एवढ्या साध्या जेवणाला कोणी नाही म्हणत नाही. वणीकडे काम असेल, तर पुढे वर्धा नदी ओलांडून चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती गाठता येते. तेथील श्री केसरिया पार्श्वनाथ तीर्थात दर्शन होते आणि भोजनशाळेत कोणताही प्रश्न न विचारता पंगतीला बसता येते. दिवसभर प्रत्येक घासाची चौकशी करणाऱ्याला त्या निःशंक घासाचे सुख काही निराळेच वाटते.

पुढच्या पिढीसाठी

व्यापारी घरांतील तरुण मुले-मुली आज कामासाठी एकटी फिरतात. नियम पाळणे म्हणजे उपासमार, असे त्यांना वाटू लागले, तर नियम फार दिवस टिकणार नाही. आणि छापील ‘जैन’ शब्दावर सारा भार टाकला, तर नियमाचे केवळ नाव उरेल. त्यांना घरातून डब्याबरोबर तीन गोष्टी द्याव्यात : ज्या गावी जायचे तेथील सूर्यास्ताची वेळ, त्या मातीत त्या ऋतूत काय पिकते याची माहिती, आणि स्वयंपाक्याला नम्रपणे विचारण्याची सवय. ऊणोदरी आणि रसत्याग ही तपे आहेत. ती ज्याने त्याने स्वेच्छेने करावीत. केवळ विचारण्याच्या संकोचापायी अर्धपोटी राहणे हे तप नव्हे. यवतमाळच्या काळ्या मातीत तूर, ज्वारी, जवस आणि तीळ यांना तोटा नाही. दिवस मावळण्याआधी त्यांची आठवण व्हावी, एवढेच पुरे.